पुण्य नको, दोन तास द्या

मंडळी, आज जरा कडक लिहिणार आहे. नातेवाइकांपैकी कोणाला लागले तर लागू दे. छत्तीस वर्षे वर्गात बोलून बोलून हा स्वभाव झाला आहे, आणि सत्तरी उलटल्यावर तो बदलायची हौस नाही.

माझी आई २०१९ मध्ये गेली, नव्वदाव्या वर्षी. शेवटची सहा वर्षे तिला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होता. आधी धुळ्याला भावाकडे होती. भावाचे हृदयाचे दुखणे सुरू झाले तेव्हा ती जळगावला माझ्याकडे आली, ती शेवटपर्यंत. या काळात मला सर्वांत जास्त काय मिळाले असेल, तर कौतुक. "किती करतेस गं!" "पुण्य कमावलंस हो." "लेक असावी तर अशी." (यातल्याच काहींनी माघारी, "भाऊ असताना लेकीकडे का?" हेही विचारून घेतले.) आणि सर्वांत कमी काय मिळाले? झोप.

माझे म्हणणे असे, की या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. कौतुक केले की मदत करावी लागत नाही. चहा पिऊन, चार चांगले शब्द बोलून, माणूस हलक्या मनाने घरी जातो.

पुंडलिकाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. तो आई-वडिलांचे पाय चेपत होता, दारात विठ्ठल आला, याने वीट भिरकावली आणि देव त्या विटेवर उभा राहिला. कीर्तनकार इथे गहिवरतात. मला मात्र हल्ली शंका येते. देव एवढा दारापर्यंत आला होता, तर "पुंडलिका, तू तासभर पड, मी चेपतो पाय" असे का नाही म्हणाला? विठ्ठल मला माफ करेल, तो घरचाच आहे. पण तो कटेवर हात ठेवून बघत राहिला, आणि आपण सर्वांनीही तीच पोज घेतली आहे.

आता या आजाराविषयी थोडे. "साठी बुद्धी नाठी", "म्हातारचळ" असे शब्द आपल्याकडे तयार असतात, त्यामुळे हा आजार आहे हेच कोणी मानत नाही. आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये याच्या एका प्रकाराचे पहिले वर्णन केले. हाच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, आणि तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या देशात झालेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक, म्हणजे शंभरात सातांहून जास्त. पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, शहरापेक्षा खेड्यात अधिक. म्हणजे तुमच्या गल्लीत चौदा म्हातारी माणसे असतील तर त्यांतले एक. ते दिसत नाही, कारण ते घरात असते आणि त्याच्याबरोबर आणखी कोणीतरी घरात अडकलेले असते.

आम्ही पहिल्यांदा दाखवायला गेलो तेव्हा एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत "वय झालं आता, असंच चालायचं" म्हणून बोळवण केली. दुसऱ्यांनी नीट तपासले, रक्तात बी-१२ आणि थायरॉइड पाहिले. (हे ज्याने त्याने करून घ्यावे. त्यांच्यामुळेही विसरायला होते, आणि ते औषधाने सुधारू शकते.) आईचे तसे नव्हते. गोळ्या दिल्या, पण त्या आजार बरा करत नाहीत हेही स्पष्ट सांगितले. बरे वाटले. खरे बोलणारा माणूसही आधारच असतो.

आईची प्रमाण मराठी आधी गेली, अहिराणी राहिली. दिवेलागणीला ती दाराशी जाऊन उभी राहायची. "माले घर जानं शे." हे घर म्हणजे शिंदखेडा तालुक्यातले तिचे माहेर, तेही सत्तर वर्षांपूर्वीचे. मला ती थोरली बहीण समजायची. पाटल्या स्वतःच डब्यात लपवायची आणि मग मी चोरल्या म्हणून रडायची. रात्री तीन-तीनदा उठायची. आणि पाहुणे आले की? वीस मिनिटे अगदी शहाण्यासारखी बसायची! हसायची, "जेवून जा" म्हणायची. पाहुणे मला म्हणायचे, "चांगली तर आहे की! तू उगाच बाऊ करतेस." मंडळी, त्या एका वाक्याने जितके थकायला होते तितके रात्रीच्या जागरणानेही होत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते, "पूर्वी एकत्र कुटुंबात हे सगळं सहज व्हायचं." सहज? कोणाला सहज? ते सून करायची, आणि तिला विचारायची पद्धत नव्हती. घरात आठ माणसे असायची आणि नव्वदी गाठणारे गावात एखादे. आज मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत. घरात राहिलेली मुलगी किंवा सून स्वतःच साठी-पासष्टीची, गुडघे धरून जिना चढणारी.

दुसरे उत्तर कायद्याचे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ मध्ये झाला. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. चांगले आहे, असे लोक असतात. पण टाकून न देणाऱ्याचे काय? सांभाळता सांभाळता मोडून पडणाऱ्या मुलीसाठी त्यात एक कलम नाही. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम असावा असे त्या कायद्यात आहे, तोही निराधारांसाठी. कायद्याच्या नजरेत लेकरू म्हणजे एक संशयित. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातही पार्किन्सनचे नाव यादीत आहे, डिमेन्शियाचे नाही.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईंचे सासरे असेच विसरलेले. त्या चार घरची कामे करतात, नवरा रिक्षा चालवतो. सकाळी बाहेरून कडी घालून त्यांना निघावे लागते. त्यांना निर्दय म्हणायला कोणी पुढे येणार असेल, तर त्याने आधी सकाळी आठ ते एक त्या घरात बसून दाखवावे.

मग करायचे काय? मी शिक्षिका, मला शाळाच आठवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला लहान मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले. तीन वर्षांचे मूल सांभाळणे हे फक्त त्याच्या आईचे काम, ही समजूत त्यांनी मोडली. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना आणली, आणि अंगणवाडी गावोगाव गेली. तिथे मूल सोडणाऱ्या आईला कोणी "मुलाला टाकून दिलं" म्हणत नाही. मग पंच्याऐंशी वर्षांच्या लेकरासाठी दिवसा चार तासांची जागा मागितली की संस्कृती का बुडते?

हे स्वप्नरंजन नाही. केरळात डिमेन्शियाच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी काम करणारी संस्था १९९२ मध्ये उभी राहिली, आणि २०१४ मध्ये तिथल्या सरकारने तिला बरोबर घेऊन दिवसाची केंद्रे आणि निवासाची सोय असा कार्यक्रम सुरू केला. जळगाव-धुळ्यात काय कमी आहे? दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. आमचे संघ वाढदिवसाला शाल-श्रीफळ देतात, सहली काढतात. छानच. पण जो सभासद विसरू लागला तो यायचा बंद होतो आणि संघही त्याला विसरतो. दुपारी रिकाम्या असणाऱ्या सभागृहात आठवड्यातून दोन दिवस, दोन शिकवलेल्या बाया आणि चार सतरंज्या, एवढ्यावर सुरुवात होईल. गाणी लावा, मटकी निवडायला द्या, साड्यांच्या घड्या घालायला द्या. माझी आई एकच साडी दहादा घडी घालायची आणि शांत असायची. आणि बोलणारी माणसे अहिराणी-लेवा बोलणारी हवीत, नाहीतर म्हातारी माणसे घाबरतात.

आमच्या वेळी नव्हते ते आता आहे, म्हणून सांगून ठेवते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे. मन फारच थकले तर १४४१६, टेली-मानस. संकोच न करता लावा. पण फोनवरचा माणूस आईजवळ येऊन बसू शकत नाही. ते शेजाऱ्यालाच करावे लागते.

आणि शेजारी करतात! आमच्या शेजारची सून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार येऊन बसायची. तिने मला एकदाही पुण्यवान म्हटले नाही. "मावशी, तुम्ही झोपा, मी आहे," एवढेच. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना आणि मेडिकलवाल्या माझ्या विद्यार्थ्याला आईचा फोटो दाखवून ठेवला होता. ती दोनदा बाहेर गेली, दोन्ही वेळा तासाभरात तेच घेऊन आले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' पाहिला असेल, तर हत्तीवाल्याची बायको आठवा. त्या विसरलेल्या शास्त्रीबुवांना ती लेकरासारखे सांभाळते. मोहन आगाशांचे काम बघून आपण सगळे रडलो, पण त्या बाईकडून काही शिकलो का?

तेव्हा नातेवाइकांना स्पष्ट सांगते. ज्या घरात असे माणूस आहे तिथे फळांची पिशवी घेऊन जाऊ नका. सल्ला तर मुळीच नेऊ नका. "काही लागलं तर सांग" हेही म्हणू नका, कारण थकलेले माणूस सांगत नसते. वार आणि वेळ तुम्ही सांगा. "बुधवारी तीन ते पाच मी येते, तू बाहेर जा." आणि बुधवारी जा.