मापें कोणाचीं?

लोकोपयोगी कार्यांचें मूल्यमापन हा हल्लीं एक स्वतंत्र व्यवसायच होऊन बसला आहे. गांवांत दवाखाना निघो, बालवाडी निघो कीं बचतगट निघो. त्याच्या मागोमाग प्रश्नावली घेतलेला शहरी पदवीधर हजर व्हायचाच. जेथें पैसा खर्च होतो तेथें हिशेब झालाच पाहिजे, हें आम्हांस शतशः मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो हिशेबाच्या मापांस. हीं मापें बहुधा दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांत इंग्रजींत तयार होतात, मग त्यांचें शब्दशः भाषांतर होतें, आणि “कौटुंबिक निर्णयप्रक्रियेंतील सहभागाबाबत आपण कितपत समाधानी आहांत?” असला प्रश्न भामरागडकडील एखाद्या माडिया बाईपुढें टाकण्यांत येतो. (आमच्या पदवीधर वाचकांपैकीं किती जणांस तो प्रथम वाचनींच कळला, हेंहि कोणी एकदां मोजावें!) बाई सासूकडे पाहून मान हलविते, तेवढ्यावर पांचांपैकीं चार गुण पडतात आणि अहवाल छापला जातो.

चुकीचें माप काय काय झांकून ठेवतें, हें पाहण्यास गडचिरोलीपेक्षां दूर जावयास नको. ग्रामीण स्त्रीचें आरोग्य म्हणजे तिचें बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असें धरून आमचें आरोग्यखातें कित्येक वर्षें शस्त्रक्रियांचे आंकडे मोजीत होतें. ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनीं वसा आणि अमिर्झा या दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेंकडा ९२ स्त्रियांस एक ना एक स्त्रीरोग होता; पूर्वीं कधीं तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या शेंकडा ८! खात्याच्या वहींत ज्या दुखण्यास रकानाच नव्हता, तें जवळजवळ घरोघर नांदत होतें. पुढें नवजात बालकांचे मृत्यु मोजण्याची वेळ आली तेव्हां याच मंडळींनीं गांवांतल्या थोड्याबहुत शिकलेल्या बायकांस तयार केलें. बाळंतिणीच्या खोलींत जिला शिरकाव, तिच्याच हातीं वही. उपचारहि तिच्याच हातीं. नवजात मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ६२ नीं घटल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें.

गांवकऱ्यांच्या हातीं माप दिलें कीं तटस्थता गेली, असें आमचे शास्त्राभिमानी मित्र म्हणतात. येथें तर तुलनेसाठीं वेगळीं गांवें राखलेलीं होतीं, नोंदी काटेकोर होत्या. शास्त्र कोठें सैल झालें तें या मित्रांनीं दाखवून द्यावें. ज्यास समोरच्याची भाषा कळत नाहीं तो तटस्थ नव्हे, तो नुसता परका.

दुसरा पक्ष याहून गोड बोलतो. ‘गांव हें एक कुटुंब आहे, सरपंचास विचारलें कीं गांवास विचारलें.’ हा भोळेपणा आम्हांस अधिक घातक वाटतो. चावडीवर पुढें कोण बसतो, पायरीखालीं कोण उभा राहतो, आणि घरींच कोण राहते, हें आम्हां मराठी माणसांस कोणी शिकवावयास नको. या बाबतींत राजस्थानच्या मजुरांनीं आम्हां पंडितांस मागें टाकलें. १९९४ च्या डिसेंबरांत पाली जिल्ह्यांतील कोट किराणा येथें मजूर किसान शक्ति संघटनेनें पहिली जनसुनावणी भरविली. कामांचे सरकारी कागद उघड्यावर, सर्वांदेखत, लोकांच्या बोलींत वाचून दाखविण्यांत आले. ज्याला अक्षरओळख नव्हती तोहि उठून सांगूं शकला कीं, हें काम झालेंच नाहीं! २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ नें कामांचें सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेकडे सोपविलें, त्याचें मूळ अशा सुनावण्यांत आहे. पण कायदा झाला म्हणून पायरीखालच्यास पायरीवर जागा मिळतेच असें नाहीं. बायकांची बैठक वेगळी, त्यांच्या सवडीच्या वेळीं, आणि खालच्या वस्तींत जाऊन घ्यावी लागते. त्यास दिवस लागतात, पैसा लागतो. आणि नेमकी हीच बाब अंदाजपत्रकांतून आधीं कापली जाते.

तेव्हां मूल्यमापनाचीं कामें घेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या संस्थांस आमचें जाहीर विचारणें आहे: गेल्या पांच वर्षांत आपण छापलेल्या अहवालांपैकीं किती अहवाल, ज्या गांवांविषयीं ते लिहिले त्या गांवांत, तेथील भाषेंत, छापण्यापूर्वीं वाचून दाखविण्यांत आले? आणि ऐकणारांनीं “हें खोटें आहे” असें म्हटल्यावरून त्यांपैकीं कितींतील एक तरी ओळ बदलली?