पाहुण्यांची खोली आणि घराचे अर्थशास्त्र

गणपती विसर्जन आटोपून मुंबईकर चाकरमानी परतला की कोकणातील असंख्य घरांच्या दारांना पुन्हा कुलपे लागतात. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या वर अडकवल्या जातात, किल्ली शेजारघरी ठेवली जाते आणि मे महिन्यापर्यंत त्या घरात वावरते ती केवळ वाळवी. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात ८ लाख ६८ हजार माणसे होती. २०११ च्या जनगणनेत ती ८ लाख ४९ हजारांवर आली. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याचीही त्या दशकात हीच गत झाली. घरे आहेत, पण त्यांत राहणारी माणसे नाहीत, असे हे विपरीत चित्र आहे.

या मोकळ्या घरांकडे अलीकडे नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले आहे. दोन खोल्या नीट करून त्या सुट्टीवर येणाऱ्या पर्यटकांना द्याव्यात, हा विचार आज घरोघर चालू आहे. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला. पर्यटन विकास महामंडळाची ‘न्याहरी व निवास’ योजना तर लोकांच्या चांगली परिचयाची आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा घरगुती निवासांसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. तेव्हा पाहुण्यांना घरात घ्यावे की नाही, हा प्रश्न आता मागे पडला आहे. त्यांच्यासाठी घर सजवायचे कसे आणि त्यावर पैसा किती घालायचा, हा खरा प्रश्न आहे. वरवर तो पडद्यांच्या रंगाचा आणि पलंगांच्या आकाराचा वाटतो. परंतु निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी आणि कारकुनाचा भविष्यनिर्वाह निधी ज्या खोलीत गाडला जातो, त्या खोलीची सजावट हा केवळ अभिरुचीचा विषय राहत नाही.

आज या सजावटीचा एक ठरावीक साचा तयार झाला आहे. कौलांखाली प्लास्टर ऑफ पॅरिसचे सपाट छत ठोकायचे, जमिनीवर गुळगुळीत पांढऱ्या फरशा बसवायच्या, भिंतभर प्लायवूडचे कपाट करायचे, त्यावर चकचकीत पत्रा चिकटवायचा आणि वातानुकूलन यंत्र लावायचे. एवढे झाल्यावर ‘कोकणी वातावरण’ हवे म्हणून दारात बैलगाडीचे विकत आणलेले चाक टेकवायचे आणि भिंतीवर पितळेची भांडी टांगायची. घरातली खरी पितळेची भांडी मात्र दहा वर्षांपूर्वीच मोडीत गेलेली असतात. जे घरात होते ते काढून टाकायचे आणि त्याची नक्कल पैसे मोजून आणायची, असा हा उलटा व्यवहार आहे.

घसाऱ्याचे गणित

व्यवहार म्हणूनच त्याकडे पाहिले तर काय दिसते? समजा, एका खोलीवर तीन लाख रुपये खर्च केले. दसादशे दहा दराने त्याचे व्याज वर्षाला ३० हजार होते. वस्तू दहा वर्षे टिकतील असे धरले तर घसाऱ्याचे आणखी ३० हजार. म्हणजे ढोबळमानाने पहिला पाहुणा दारात येण्यापूर्वीच वर्षाचा ६० हजारांचा भार डोक्यावर बसला. पावसाळ्याचे चार महिने बहुतेक मंदीचे जातात. खरी गर्दी दिवाळी, नाताळ, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि मे महिना यांची. वर्षात १०० रात्री खोली भरली असे मानले, तर प्रत्येक रात्रीवर ६०० रुपयांचा बोजा येतो आणि त्यात अजून चहाचा एक कपही धरलेला नाही. पण खाऱ्या, दमट हवेत तेच प्लायवूड फुगून पाच वर्षांत निकामी झाले, तर घसारा दुप्पट होऊन हा बोजा ९०० रुपयांवर जातो. उलट एक लाख २० हजारांत नीटनेटकी केलेली आणि दहा वर्षे टिकणारी खोली रात्रीमागे केवळ २४० रुपये मागते.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालून पाहावेत. मात्र त्यांतून निघणारे सूत्र बदलत नाही. पाहुणा येवो अथवा न येवो, सजावटीचा खर्च स्थिर असतो. एका वाडीत दोनाची वीस घरे झाली की दर उतरतात. कर्जाचा हप्ता उतरत नाही. अशा वेळी तगून राहतो तो ज्याचा स्थिर खर्च कमी आहे तो यजमान. सर्वांत देखणी खोली असलेला यजमान तगेलच असे नाही.

कौलांखालची हवा

या नकलेतील दुसरा दोष म्हणजे ती घराच्या प्रकृतीशी विसंगत आहे. जांभ्या दगडाचे, उतरत्या कौलांचे कोकणी घर हे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पावसाशी आणि समुद्राच्या दमट वाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या झगडून सिद्ध झालेले आहे. उष्ण हवा उंच छपराकडे चढते आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडते. तेथे सपाट छत ठोकले की हवा कोंडते; हवा कोंडली की यंत्र लागते; यंत्र लागले की विजेचे बिल येते. शिवाय फुटक्या कौलातून होणारी गळती त्या छताआड लपून राहते आणि वासा कुजल्यावरच ध्यानात येते. पांढऱ्या फरशीवर तांबड्या मातीचा प्रत्येक पाय उमटतो आणि पावसाळ्यात वृद्ध पाहुण्याचा पाय तिच्यावरून घसरतो.

याचा अर्थ घर जसेच्या तसे ठेवावे, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाहुण्यास चटई द्यावी, असा नाही. जुन्या घराचे गोडवे गाणारे पुष्कळदा त्यात दोन रात्रींहून अधिक राहिलेले नसतात. जुने माजघर काळोखे असते, शौचालय अंगणापलीकडे असते आणि रात्री उंदीर माळ्यावर धावतात, हेही खरेच. परंतु काळोखावर दोन काचेची कौले हा उपाय आहे. कौलांवरून पडणारा कचरा अडविण्यास फळ्यांचा माळा पुरेसा होतो. फणसाच्या लाकडाचा पलंग वाळवीला सहसा दाद देत नाही आणि मोडला तर गावचा सुतार तो दुरुस्त करतो. प्लायवूडचे कपाट मोडले की ते फेकूनच द्यावे लागते.

पाहुण्यास काय हवे?

घरगुती निवासाचा आज जगभर पसरलेला जो मोठा व्यवसाय आहे, त्यातील एअरबीएनबी या कंपनीचा आरंभ बोधप्रद आहे. २००७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को येथे दोन तरुणांनी, घरभाडे भागेना म्हणून, आपल्या बिऱ्हाडात हवा भरलेल्या तीन गाद्या टाकल्या आणि एका परिषदेसाठी आलेल्या तीन पाहुण्यांना न्याहरीसह मुक्काम दिला. पाहुण्यांना ओढून आणले ते सजावटीने नव्हे. हॉटेले भरलेली असताना मिळालेल्या सोयीच्या जागेने आणि यजमानाच्या अगत्याने. पुढे २००९ मध्ये न्यूयॉर्कमधील घरांना मागणी येईना, तेव्हा छायाचित्रे वाईट असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. ती नव्याने काढताच मागणी वाढली. खोल्या त्याच होत्या, केवळ त्या नीट दाखविल्या गेल्या.

नीट दाखविणे आणि खोटे दाखविणे यांत मात्र अंतर आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की मालाची पारख ग्राहकाला आधी करता येत नसेल तर तो सर्वच मालाला कमी किंमत देऊ लागतो आणि चांगला माल बाजारातून हटतो. पर्यटकाची खोली हा असाच न पाहता घेतलेला माल आहे. दहा फुटांची खोली छायाचित्रात वीस फुटांची दाखविणारा यजमान केवळ स्वतःचे नाव घालवत नाही, तर साऱ्या वाडीच्या खोल्यांवरचा विश्वास उडवतो.

आणि पाहुण्याच्या गरजा तरी किती साध्या असतात! कोरडी, पाठीला आधार देणारी गादी. स्वच्छ चादर, तीही पलंगामागे तीन संच हवेत, एक अंथरलेला, एक धुण्यात आणि एक राखीव, आणि पावसाळ्यात चौथा. खोलीला लागून कोरडे राहणारे न्हाणीघर. मच्छरदाणी किंवा खिडक्यांना जाळी. उशाशी वाचता येईल असा दिवा. ओले कपडे वाळत घालण्यास दोरी आणि अडकविण्यास भिंतीत खुंट्या. वीज गेली तर पंखा चालू ठेवणारा इन्व्हर्टर. मराठी कुटुंब प्रवासाला निघते ते आजीआजोबांसह. त्यामुळे पायरीला कठडा आणि जादा गाद्या ठेवण्याची सोय हवी. सकाळी सहाला मिळणारा चहा हीसुद्धा सजावटच आहे. यांतील बहुतेक गोष्टी छायाचित्रात उठून दिसत नाहीत. पण पाहुणा परत येतो तो त्यांच्यामुळे.

पैसा जातो कोठे?

व्यक्तीचा हिशेब संपला तरी जिल्ह्याचा हिशेब उरतो. पर्यटकाने दिलेला रुपया गावात किती वेळा फिरतो, यावर त्या गावाची भरभराट अवलंबून असते. यालाच अर्थशास्त्रात गुणक परिणाम म्हणतात. शहरातील ठोक बाजारातून आणलेल्या खुर्च्या, पडदे आणि चित्रे यांवर खर्च झालेला रुपया पहिल्या फेरीतच जिल्ह्याबाहेर जातो. तोच गावच्या सुताराला दिला तर तो किराणा दुकानात, तेथून भाजीवालीकडे, शाळेच्या फीमध्ये असा फिरत राहतो. सावंतवाडीची लाकडी रंगकाम केलेली खेळणी आणि गंजिफा प्रसिद्ध आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी परंपरा जपली असून तिच्यासाठी आयुष्य वेचणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. असे असता त्याच जिल्ह्यातील खोल्यांत परदेशी समुद्रकिनाऱ्यांची छापील चित्रे टांगलेली दिसावीत, ही केवळ अभिरुचीची दरिद्रता नव्हे. ते आर्थिक नुकसानही आहे.

मोजले न जाणारे श्रम

या साऱ्या हिशेबात एक रकाना नेहमी कोरा राहतो. खोल्या सजविण्याचे श्रेय घरधन्याचे. त्या रोज झाडणे, चादरी धुणे, सहाचा चहा, नऊचे घावन आणि दुपारचे मासे हे काम घरातल्या बाईचे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत असल्याचे आढळले. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा होता. पाहुण्यांच्या खोल्या उघडल्या की या २९९ मिनिटांवर आणखी काही तास चढतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गृहिणीने घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक मोजत नाहीत. पण पाहुण्यास विकलेले जेवण हे निःसंशय उत्पादन आहे. तरीही त्याचे पैसे बहुधा नवऱ्याच्या खात्यात जमा होतात. म्हणूनच खोलीच्या आराखड्यात तिच्या कामाचाही आराखडा असला पाहिजे: धुण्याचे यंत्र आधी, वातानुकूलन यंत्र मागाहून, स्वयंपाकघरात उभ्याने काम करण्यास ओटा आधी, दिवाणखान्यातले झुंबर मागाहून, आणि तिच्या नावाचे स्वतंत्र खाते या सर्वांच्या आधी.

असाच दुसरा कोरा रकाना पाण्याचा. जांभा दगड सच्छिद्र असतो. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आणि जवळ खोदला, तर मैल्याचे पाणी झिरपून विहिरीत उतरण्यास वेळ लागत नाही. दोन नवी न्हाणीघरे बांधताना फरशीचा रंग निवडण्यात जेवढा वेळ जातो, तेवढाही या विचारात जात नाही. मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना दोन खोल्यांत आठ पाहुणे उतरतात, तेव्हा शेजारची विहीरही त्याची किंमत मोजते.

शासनाने करावयाचे ते याच दिशेचे आहे. कर्ज देताना किती रुपयांचे सामान घेतले एवढेच न पाहता दुरुस्ती, छप्पर, पाणी आणि मैलानिःसारण यांना प्राधान्य द्यावे. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जुनी घरे दुरुस्त करणारे सुतार आणि गवंडी तयार करावेत. न्याहरी-निवास योजनेची नोंदणी घरातील स्त्रीच्या नावे करण्यास उत्तेजन द्यावे.

पर्यटकांच्या घरांचा प्रश्न सर्वत्र सारखा नसतो. बार्सिलोना शहराने तेथील दहा हजारांवर पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ नंतर न वाढविण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला. कारण पर्यटकांच्या बिऱ्हाडांमुळे रहिवाशांनाच घरे परवडेनाशी झाली. कोकणाचे दुखणे याच्या नेमके उलट आहे. येथे रहिवाशांनी घरे आधीच सोडली आहेत. पाहुण्यांच्या निमित्ताने त्यांतील काहींची कुलपे निघाली, एखादा मुलगा मुंबईच्या गाडीत न बसता घरीच राहिला आणि त्याला वर्षभर पुरेल एवढे उत्पन्न झाले, तर या साऱ्या खटाटोपाचे सार्थक होईल. त्यासाठी घराचे हॉटेल करण्याची गरज नाही. ज्या घरात घरच्या माणसांना सुखाने राहता येते, त्याच घरात पाहुण्यालाही राहावेसे वाटते. सजावटीचा आरंभ तेथून व्हावा.