मागणीचे पत्र, हिशेबाचे मौन

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव अशी धरणे उभी राहिली. त्यांचे पाणी खाली गेले आणि पाठोपाठ शिकलेली मुलेही पुण्या-मुंबईकडे गेली. नोकरीत स्थिरावलेल्या या मुलांना आता माजी विद्यार्थी म्हणून देणगीची आवाहने येतात. त्यांना प्रतिसाद मात्र तुटपुंजाच असतो. तो का, याचा विचार संस्थांनी करायला हवा.

'नॅक'ने २०१७ मध्ये आणलेल्या सुधारित मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या आर्थिक योगदानाची नोंद मागितली गेली. त्यामुळे पूर्वी स्नेहमेळाव्यापुरती असलेली माजी विद्यार्थी संघटना निधीचे साधन ठरू लागली. नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले, हे उदाहरण संस्थाचालकांना मोहात पाडणारे आहे. परंतु निवासी आयआयटी आणि तालुक्याचे संलग्न महाविद्यालय यांची तुलनाच होऊ शकत नाही. भोरच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ भेटते ते परीक्षा अर्जातून, निकालातून आणि पदवी प्रमाणपत्रासाठी घातलेल्या हेलपाट्यांतून. जिव्हाळा असतो तो शिकवणाऱ्या प्राध्यापकांविषयी. शिवाय विनाअनुदानित अभ्यासक्रमाचे पूर्ण शुल्क भरलेल्याला 'ऋण फेडा' ही भाषा बोचते. त्यातच नव्या करप्रणालीत '८० जी'ची सवलतही मिळत नाही.

याचा अर्थ येथे दानत नाही, असा नव्हे. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था लोकवर्गणीवर वाढली. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आजही गावच्या जत्रेला आणि मंदिराच्या जीर्णोद्धाराला चाकरमानी न चुकता वर्गणी पाठवतात. कारण जमा-खर्च चारचौघांत वाचला जातो आणि कळस डोळ्यांना दिसतो. महाविद्यालयांच्या आवाहनात 'विकास' हा मोघम शब्द असतो. पैसे दिल्यानंतर पोचपावतीपलीकडे काही कळत नाही.

संस्थांनी निश्चित काम सांगावे. प्रयोगशाळेचे साहित्य, डोंगरातील वाड्यांवरून येणाऱ्या मुलींचा एसटी पास, एखादी शिष्यवृत्ती, असे काहीही चालेल. वर्षअखेरीस त्याचा हिशेब जाहीर करावा. पैसा देऊ न शकणाऱ्याकडून मार्गदर्शनाचे दोन तास घ्यावेत. मात्र रिक्त प्राध्यापकपदे आणि अपुरे अनुदान ही शासनाची जबाबदारी आहे. तिचा भार माजी विद्यार्थ्यांच्या खिशावर टाकता येणार नाही. ज्यांची आठवण केवळ मूल्यांकनाच्या वर्षी होते, त्यांच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करण्याचा अधिकार संस्थांना आधी कमवावा लागेल.