कुंपणापलीकडचे ऑर्लँडो

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या मराठी आईवडिलांच्या प्रवासात फ्लोरिडातील ऑर्लँडो हे शहर पुष्कळदा असते. तेथील चार दिवस डिस्ने आणि युनिव्हर्सल यांच्या करमणूक उद्यानांत सरतात. नातवंडांना तेथे आनंद होतो, त्यास नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु शहर पाहिले अशा समजुतीने माणसे परततात आणि शहर पाहावयाचे राहूनच जाते.

डिस्नेची उद्याने तर ऑर्लँडोच्या हद्दीतही नाहीत. १९६०च्या दशकात निरनिराळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून गुपचूप सुमारे २७,००० एकर जमीन घेण्यात आली. १९६७ मध्ये विधिमंडळाने तेथे खास जिल्हा निर्माण केला आणि रस्ते, सांडपाणी, बांधकाम-परवाने यांचा कारभार व्यवहारतः जमीनमालकाच्याच हाती गेला. २०२३ मध्ये राज्यपालांनी तेथे आपले नियुक्त सभासद बसविले. धनी बदलला, एवढेच!

खरे शहर जुन्या न्यायालयाच्या इमारतीपासून पाहावयास लागावे. १९२७ च्या या इमारतीत आता इतिहास-संग्रहालय आहे. बाहेर २०१९ मध्ये जुलाय पेरी यांचा स्मृतिफलक उभारण्यात आला. २ नोव्हेंबर १९२० रोजी नजीकच्या ओकोई गावी कृष्णवर्णीय नागरिक मतदानास गेले, म्हणून गोऱ्या जमावाने त्यांची घरे जाळली. पेरी यांना ऑर्लँडोत आणून फासावर लटकाविण्यात आले. त्यानंतर कित्येक दशके ओकोईत कृष्णवर्णीय वस्ती उरली नाही. मताधिकारासाठी दिलेली ही किंमत कार्यकर्त्याने तरी वाचून यावी.

शहराच्या उत्तरेस सुमारे दहा किलोमीटरांवर ईटनव्हिल आहे. कृष्णवर्णीयांनी १८८७ मध्ये स्वतःची नगरपालिका स्थापून वसविलेले हे गाव. लेखिका झोरा नील हर्स्टन येथेच वाढल्या. त्यांच्या नावाचे छोटे कलासंग्रहालय गावात आहे, आणि जानेवारीत त्यांच्या स्मरणार्थ उत्सव भरतो. गावातील जुन्या हंगरफर्ड शाळेची सुमारे शंभर एकर जमीन शालेय मंडळ विकावयास निघाले होते. ग्रामस्थांच्या विरोधानंतर २०२३ मध्ये तो व्यवहार फिसकटला.

वायव्येस अपॉपका सरोवर आहे. त्याच्या काठची दलदल १९४० च्या दशकापासून उपसून तेथे भाजीपाल्याची शेती करण्यात आली. खते आणि कीटकनाशके यांनी सरोवर नासले, तेव्हा शासनाने १९९० च्या दशकात ती शेती विकत घेतली. मालकांना जमिनीची किंमत मिळाली. १९९८ मध्ये काम बंद पडताच सुमारे अडीच हजार मजूर बेकार झाले. शेतांत पुन्हा पाणी सोडल्यावर त्या हिवाळ्यात शेकडो पक्षी विषबाधेने मेले आणि त्याची चौकशी झाली. तीच विषे वर्षानुवर्षे हाताळणाऱ्या मजुरांच्या प्रकृतीविषयी तशी तत्परता दिसली नाही. अखेर मजुरांच्या कुटुंबांनी आपल्या दिवंगतांच्या आठवणी गोधड्यांवर शिवून काढल्या.

आता त्या जागी पाणपक्षी पाहण्यासाठी अठरा किलोमीटरांचा मोटाररस्ता आहे. तो शुक्रवार ते रविवार खुला असतो आणि प्रवेशशुल्क नाही. उद्यानाच्या एकाच दिवसाच्या तिकिटास माणशी शंभर डॉलरहून अधिक पडतात. मात्र रस्त्यालगत मगरी ऊन खात पडलेल्या असतात, तेव्हा नातवंडांना गाडीबाहेर सोडू नये.