आवाज फाटलेला नाही
(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या स्नेहसंमेलनात मी गिटारवर पहिला सूर लावला आणि लाऊडस्पीकरवाले काका धावतच मंचावर आले. "थांब रे पोरा, स्पीकर फाटलाय!" पुढच्या रांगांत हशा पिकला. स्पीकर धडधाकट होता. माझ्या पायाशी ‘फझ’ नावाचे पेडल होते आणि तो आवाज मी मुद्दामच काढला होता. नंतर एका सरांनी समजुतीने सांगितले, "आधी सूर स्वच्छ करा, मग हे थेर करा." मी मुकाट्याने मान डोलावली. तेव्हा द्यायचे राहिलेले उत्तर येथे देतो.

हे पेडल मला दिवाळीच्या सुट्टीत मिळाले. पुण्याला कामाला असलेल्या मामेभावाने ते जुन्या बाजारातून आणले होते. न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने १९६९ च्या सुमारास ‘बिग मफ’ नावाचे पेडल काढले, त्याची ही नक्कल. नऊ व्होल्टची बॅटरी, पायाने दाबायचे बटण आणि तीन खुंट्या : आवाज, टोन आणि सस्टेन. मी सस्टेनची खुंटी शेवटपर्यंत पिळली आणि सर्वांत जाड तार छेडली. मांडणीवरची भांडी थरथरली. आजीने आतून विचारले, "गिरणी सुरू झाली का रं?"

हौसेने एका सिनेमागीताची चाल वाजवून पाहिली, तर नुसता चिखल! सूर एकमेकांत मिसळून गेले. मग कंटाळून अगदी सावकाश, षड्ज आणि पंचम एवढेच दोन सूर एकत्र धरून वाजवले, आणि अंगावर काटा आला. कारण साधे आहे. तारेचा विद्युतसंकेत हे पेडल झेपेल त्याच्या पलीकडे वाढवते, त्यामुळे लाटेचे शेंडे छाटले जातात. त्यातून मूळ सुरात नसलेले वरचे अनेक सूर उमटतात. तार मंदावली तरी छाटलेल्या लाटेची उंची बराच वेळ तेवढीच राहते, म्हणून आवाज रेंगाळतो. घाईने वाजवणाऱ्याचा हे पेडल विचका करते. थांबायची तयारी असलेल्याला मात्र एकेक सूर डोंगराएवढा करून देते. इंग्रजीत ज्याला रिफ म्हणतात, म्हणजे तबल्याच्या साथीला पेटीवर लेहरा धरतात तशी फिरून फिरून येणारी छोटी सुरावट, ती संथ असली की या पेडलचे सोने होते.

फझचा जन्मच मुळी बिघाडातून झाला. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स यांचे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना यंत्रातील एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा आवाज घरघरला. तो तसाच ठेवला गेला, आणि १९६१ मध्ये ते गाणे गाजले. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तीच घरघर हुकमी काढणारे मंडल तयार केले आणि १९६२ मध्ये ते ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने ते जगभर पोचवले. सिअ‍ॅटलच्या मडहनी या वाद्यवृंदाने तर १९८८ मध्ये आपल्या तबकडीला दोन फझ पेडलांचेच नाव दिले!

संथ, जड रिफचा विषय निघाला की बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी यांना वगळता येत नाही. (बिग मफ हे काही त्यांचे हत्यार नव्हे, पण वाट त्यांचीच.) पत्र्याच्या कारखान्यात, सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्राने त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा लावल्या, पुढे तारा सैल करून सूरही खाली उतरवला. ब्लॅक सॅबथचा तो जड आवाज असा घडला.

आणि सर, स्वच्छ सुराविषयी एक शंका. त्याच संमेलनात शास्त्रीय गायनाला तंबोरा होता. आपल्या मिरजेचे कारागीर घोडी घासून घासून जी ‘जवारी’ काढतात, तारेखाली सूत सरकवून जी झणझण जुळवतात, ती काय आहे? जवारी नसलेल्या तंबोऱ्यासमोर कोणी गायक बसेल का?

एक कबूल करतो. फझच्या आड कच्चे वाजवणे लपते, आणि मीही काही दिवस ते लपवले. त्याबद्दल कान धरावेत. पण खरखरीबद्दल नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी वर्गात उतारा वाचताना माझ्या ‘न’ आणि ‘ण’वर सगळे हसले. मी आरशासमोर बसून बोलणे घासूनपुसून लख्ख केले. आता सुट्टीत घरी गेलो की आई म्हणते, "सायबावानी बोलतोस की रं." ती हे कौतुकाने म्हणते की तक्रारीने, हे मला अजून कळलेले नाही.

दादा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात. एका संध्याकाळी ते दाराशी टेकून माझे वाजवणे ऐकत होते. मला वाटले, आता ओरडतील. म्हणाले, "इतकं हळू का वाजीवतोस?" मी काहीतरी सांगू लागलो. त्यांनी हातानेच थांबवले.

"पाठीवर पोतं असलं की माणूस असाच चालतोय," ते म्हणाले. "वाजीव अजून एकदा."