प्रेस्टनचा प्लंबर

आयटीआयमध्ये मी सव्वीस वर्षं प्लंबिंग शिकवलं. दरवर्षी पहिल्या आठवड्यात एखादा पोरगा मान खाली घालून सांगायचाच, ‘सर, नंबर इकडे लागला म्हणून आलो.’ त्याला मी इंग्लंडचा फुटबॉलपटू आणि प्लंबर टॉम फिनी याचा फोटो दाखवायचो. साचलेल्या पाण्यातून चेंडूमागे झेपावणारा, भोवती पाण्याचं कारंजं उडालेला. 1956 मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर टिपलेला. त्या क्षणाचा पुतळा प्रेस्टनच्या डीपडेल मैदानाबाहेर उभा आहे, तोही वाहत्या पाण्यात. प्लंबरच्या पुतळ्याला पाइपलाइन ओढावी लागली, याची मला उगाच गंमत वाटते.

फिनीचं वर्णन करताना लोकांच्या तोंडी हमखास येणारा शब्द म्हणजे निष्ठा. 1946 ते 1960 एकच क्लब, प्रेस्टन नॉर्थ एंड. लीगमध्ये 433 सामने, 187 गोल. इंग्लंडकडून 76 सामने, 30 गोल. आजच्या खेळाडूंना टोमणा मारायला हे उदाहरण फार सोयीचं. मला मात्र त्या शब्दाशी भांडायचं आहे.

तेव्हा इंग्लंडमध्ये करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच ताब्यात राही. क्लबनं सोडलं नाही, तर लीगमधल्या दुसऱ्या संघाकडून खेळायची सोय नाही. वर पगाराला कमाल मर्यादा. 1952 च्या सुमाराला आठवड्याला 14 पौंड. त्याच वर्षी इटलीच्या पालेर्मो क्लबनं फिनीसमोर 10,000 पौंड, महिन्याला 130 पौंड, बंगला आणि गाडी ठेवली. प्रेस्टनच्या चेअरमननं नकार दिला. विषय संपला.

फिनीचं गावावर प्रेम होतं, यात शंका नाही. जन्मला तिथेच, राहिला तिथेच. पण दार बाहेरून कडी लावून बंद केलेलं असताना आतल्या माणसाच्या घरप्रेमाचं कौतुक करणं मला जमत नाही.

खरं शहाणपण दाखवलं ते त्याच्या वडिलांनी. क्लबनं पोरगेल्या टॉमला बोलावलं, तेव्हा त्यांनी बजावलं की आधी प्लंबिंगची उमेदवारी पुरी कर. मग महायुद्ध आलं. टॉम आठव्या सैन्यात, रणगाड्यांवर, आफ्रिकेत नि इटलीत. लीगमध्ये पहिला सामना खेळला तेव्हा चोविशी उलटली होती. पण पान्याचं काम त्यानं सोडलं नाही. इंग्लंडचा सर्वोत्तम विंगर सराव आटोपून गावातल्या नळजोडण्या बघायचा. 1953 मध्ये प्रेस्टनचं लीग विजेतेपद केवळ गोल-सरासरीवर आर्सेनलकडे गेलं, 1954 मध्ये एफए कपचा अंतिम सामना 3-2 नं गेला. मोठा चषक हाती लागलाच नाही. धंदा मात्र टिकला.

1960 मध्ये तो निवृत्त झाला आणि जानेवारी 1961 मध्ये पगाराची मर्यादा उठली. फुलहॅमच्या जॉनी हेन्सला लगेच आठवड्याला 100 पौंड मिळू लागले. नोंदणीच्या जुलमावर कोर्टानं बोट ठेवलं ते 1963 मध्ये.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, त्या चेअरमनच्या घरचा नळ गळला असता, तर फिनी गेला असता?’

‘गेला असता,’ मी म्हटलं. ‘पण त्या कामाचा दर फिनीनं ठरवला असता.’