वहिनींचें जुनें भिंग

गेल्या गणपतींत आमच्या थळच्या घरीं तेवीस माणसें जमलीं होतीं. वहिनींचें वय ब्याऐंशी, गुडघे धरलेले. आणखी एका वर्षानें त्या अंगणापर्यंत चालत येतील असें कोणीही छातीवर हात ठेवून सांगेना. सबब सर्वांचें एक छायाचित्र घ्यावें असें ठरलें. पुतण्याजवळ नवा आरसाविरहित कॅमेरा होता. मुलें त्यास मिररलेस म्हणतात. परंतु ओटीपासून तुळशीवृंदावनामागच्या गडग्यापर्यंत जागा अवघी सोळा फूट. इतक्या अंतरावरून त्याच्या ५० मिलिमीटर भिंगांत साडेअकरा फूट रुंदी मावते. दोन्ही टोकांचीं माणसें बाहेर राहिलीं, मुलें कंटाळलीं, आणि तो बेत दिवाळीवर गेला.

२८ मिलिमीटरचें भिंग असतें, तर त्याच जागेवरून साडेवीस फूट मावले असते. तसलें भिंग घरांतच होतें. आमच्या दादांनीं १९८४ सालीं मोठ्या हौसेनें घेतलेलें निक्कोर वहिनींनीं त्यांच्या मागें रेशमी रुमालांत गुंडाळून, कातडी डबींत घालून ट्रंकेच्या तळाशीं ठेवलें होतें. तें मागावें कसें, हाच प्रश्न. अखेर आम्हींच धीर केला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्या नव्या पेटीला तें बसेल का? उगाच मोडाल हो."

बसतें कसें, तें त्यांस सांगितलें तसेंच वाचकांसही सांगतों. जुन्या कॅमेऱ्यांत भिंग व फिल्म ह्यांच्यामध्यें एक आरसा असे, आणि त्याच्या हालचालीसाठीं जागा सोडावी लागे. निकॉनच्या त्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर ४६.५ मिलिमीटर. आतां आरसा गेला; पुतण्याच्या सोनी कॅमेऱ्यांत तेंच अंतर १८ मिलिमीटर उरलें. मधले २८.५ मिलिमीटर एका पोकळ धातूच्या कड्यानें भरून काढावयाचे. बाजारांत त्यास ॲडॅप्टर म्हणतात. त्यांत कांच नसते. भिंगास आपण जुन्याच घरीं आहोंत असें वाटतें, एवढेंच त्याचें काम.

येथें एक गंमत आहे. आरशासाठीं जागा सोडावयाची म्हणून विस्तृतकोण भिंगांची रचनाच वेगळी करावी लागली. फ्रान्समधील पिएर आंजेन्यू यांनीं १९५० सालीं अशा रचनेचें ३५ मिलिमीटरचें भिंग बाजारांत आणलें. बिनआरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांचीं कित्येक भिंगें ह्याहून सुटसुटीत असत, त्यांची मागची कांच फिल्मच्या अगदीं जवळ येई. पण आज त्यांपैकीं अनेकांचे किरण नव्या कॅमेऱ्याच्या संवेदकावर फार तिरपे पडतात, व चित्राचे कोपरे जांभळट आणि फिसकटलेले येतात. म्हणजे आरसा गेल्यावरही आरशासाठींच घडविलेलें भिंग अधिक उपयोगी पडतें! तेव्हां जुनें तें सोनें म्हणून दिसेल तें भिंग विकत घेऊं नये. शिवाय संवेदक ३६ बाय २४ मिलिमीटरचा आहे ना, हेंही पाहावें. तो दीडपट लहान असल्यास आपलें २८ चें भिंग ४२ सारखें अरुंद दिसतें.

डबी उघडली तों आंत बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पुढच्या कांचेच्या आंतल्या बाजूस पसरलेले. समुद्रकांठची दमट हवा, अंधार आणि कातडें, बुरशीस आणखी काय पाहिजे? वहिनींनीं प्रेमानें जपलें म्हणूनच तें बिघडलें, हें त्यांस सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. मुंबईच्या एका कारागिरानें भिंग उघडून स्वच्छ केलें. परंतु बुरशीनें कांचेवरील लेप खाल्ल्याचा एक पुसट डाग राहिलाच.

दुसरें विघ्न कड्याचें. एका दुकानांतून स्वस्तांत आणलेलें कडें लावून आम्ही नवरात्रांत किनाऱ्यावर गेलों. वाळत घातलेले बोंबील खवल्याखवल्यानें स्पष्ट, असें लिहिणार होतों; पण बोंबलास ठळक खवले कोठले! असो. जवळचें स्पष्ट होतें. उंदेरी व तिच्यापलीकडची खांदेरी मात्र कितीही फिरविलें तरी धुरकट. कडें केंसभर जाड होतें. जाड कड्यानें दूरचें कधींच स्पष्ट होत नाहीं. किंचित् पातळ असलें तर निदान चालवून घेतां येतें, फक्त भिंगावरील अंतराच्या आंकड्यांवर विश्वास ठेवतां येत नाहीं. दुसरें कडें आणल्यावर खांदेरी स्पष्ट आली, पण तिळाएवढी! ह्या भिंगांत दूरचें सारें लहान होतें. म्हणून होडीची नाळ जवळ घेऊन मागें समुद्र ठेवावा.

दिवाळींत पाडव्याच्या सकाळीं सर्व ओटीवर बसले. पुतण्यानें भिंगाविना बटण चालूं देण्याची सोय व हात स्थिर ठेवण्याच्या यंत्रणेंत २८ चा आंकडा, हीं दोन्हीं आधींच लावून घेतलीं होतीं. छिद्र आठाच्या आंकड्यावर ठेवलें. पूर्ण उघडें ठेवल्यास कोपरे मऊ येतात. अशा वेळीं सुमारें ३.३ मीटरवर नेम धरला तर पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सारें चालण्यासारखें स्पष्ट येतें.

बसविण्यावरून मात्र वाद झाला. विस्तृतकोण भिंगांत कडेचीं तोंडें बाहेरच्या बाजूस ताणलीं जातात. आमच्या घरीं प्रत्येक चित्रांत वहिनी कडेस, अर्ध्या उभ्या, स्वयंपाकघराकडे पाय वळलेला, अशाच दिसतात. ह्या खेपेस त्यांस मध्यें बसविलें. कडेस कोण, ह्यावर सुना एकमेकींकडे पाहूं लागल्या. शेवटीं दोघां काटकुळ्या नातवांस तेथें उभें केलें. थोडे रुंद दिसले तर त्यांचें बरेंच झालें!

चित्र मोठें करून वहिनींस दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून तें बराच वेळ पाहिलें. "तो डाग कोठें आला?" त्यांनीं विचारलें. कोठेंच आला नव्हता. भिंगाच्या पुढच्या कांचेवरील लहानसा डाग सहसा चित्रांत उमटत नाहीं. दादा नेहमींच कॅमेऱ्याच्या मागें उभे, म्हणून त्यांचें सर्वांबरोबरचें एकही चित्र घरांत नाहीं, हें तेव्हां सर्वांच्याच मनांत आलें असावें. कोणी बोललें नाहीं.

पुतण्या भिंग पुसून कातडी डबींत घालूं लागला. वहिनी म्हणाल्या, "त्यांत नको. भावजी ते ओल शोषणारे खडे म्हणत होते ना, ते घालून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेव. आणि आतां तुझ्याचकडे असूं दे. मला रुमाल तेवढा दे."

आम्ही त्यांस बुरशीचें कारण सांगितलेंच नव्हतें.